न वाचता नाकारलेला अहवाल

शाश्वत विकासाचं संशोधन, शिक्षण, सार्वजनिक धोरण आणि समाज यांचा संबंध काय, असा विषय संयोजकांनी आम्हाला दिला आहे. एवढ्या मोठ्या विषयाला हातात धरता येईल असं उदाहरण नसेल, तर तासभर आपण नुसते शब्द फिरवत बसू. म्हणून आज आपण दोन अहवाल वाचू. दोन्ही पश्चिम घाटाबद्दलचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीबद्दलचे. पहिला माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा, २०११ सालचा. दुसरा के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाचा, २०१३ सालचा.

आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. सरकारी अहवालाची मात्र होत नाही. अहवाल आला की दोन गट पडतात. एक म्हणतो 'स्वीकारा', दुसरा म्हणतो 'फेटाळा'. आत काय लिहिलंय, कोणत्या गृहीतकावर लिहिलंय, तो कोणाशी बोलतोय, हे प्रश्न कोणी विचारत नाही. तेच आज आपण विचारू.

त्याआधी एक चित्र बाजूला सारायला हवं. संशोधन आणि समाज यांच्या संबंधाचं आपल्या मनातलं चित्र पाणीपुरवठा योजनेसारखं असतं. वर टाकी, तिथे शास्त्रज्ञ ज्ञान साठवतात. तिथून नळ निघतो तो धोरणाकडे, आणि शेवटी ते पाणी समाजाच्या हंड्यात पडतं. शिक्षणाचं काम काय, तर हंडा सरळ धरायला शिकवणं. त्यालाच आपण 'जनजागृती' म्हणतो. आमचं म्हणणं असं, की हे चित्रच चुकीचं आहे, आणि पश्चिम घाटाच्या बाबतीत जे झालं ते याच चित्राचं फळ आहे.

आता थोडी हकिगत. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यं आणि सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश समितीने अभ्यासाला घेतला. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर झाला आणि मंत्रालयाने तो ठेवून दिला. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने तो उघड करायला सांगितलं, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे हरलं. मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. मधले जवळजवळ नऊ महिने तो कपाटात होता. या नऊ महिन्यांना आम्ही फार महत्त्व देतो. का, ते सांगतो.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून न्यायदर्शनाकडे वळतो. नैयायिकांनी 'शब्द' हे एक प्रमाण मानलं आहे. म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून आपल्याला खरं ज्ञान होऊ शकतं. पण कोणाचंही नाही, आप्ताचं. मग आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात याची जी व्याख्या केली आहे तिच्यात आपल्या कामाच्या दोन अटी आहेत. एक, ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे. दोन, जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे. आणि पुढे तो जे म्हणतो ते आजही आपल्याला पेलत नाही. तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपण पदवीवर किंवा कुळावर अवलंबून नाही. जाणलं आहे का आणि प्रामाणिकपणे सांगतो आहे का, एवढंच पाहायचं.

ही कसोटी गाडगीळांच्याच जुन्या कामाला लावून बघू. १९७०च्या दशकात कर्नाटकात कागद गिरण्यांना पुरवला जाणारा बांबू झपाट्याने कमी होत होता. दोष कोणाचा, तर गावकऱ्यांचा आणि त्यांच्या गुरांचा, असं अधिकारी सांगत. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी जंगलात पायी फिरले, लोकांशी बोलले. तेव्हा कळलं ते असं: बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. बेट 'मोकळं' केलं की बांबू चांगला वाढेल या समजुतीने ते जाळं साफ केलं जाई. त्यामुळे नवे कोंब उघडे पडत आणि गुरं, वानरं, साळिंदरं ते खाऊन टाकत. जंगलाजवळ राहणाऱ्या माणसांना हे ठाऊक होतं. व्यवस्थापनाच्या कागदात ते नव्हतं. इथे आप्त कोण होता? वात्स्यायनाला विचारलं असतं तर त्याने लगेच बोट दाखवलं असतं.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून २०११ चा अहवाल वाचला की त्याचं बळ कळतं. तो संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानतो, पण सगळीकडे एकच नियम लावत नाही. तीन स्तर करतो. पहिल्या स्तरात खाणींना नवे परवाने नाहीत, रासायनिक कीटकनाशकं पाच वर्षांत बंद. दुसऱ्या स्तरात त्यासाठी आठ वर्षं, तिसऱ्यात दहा. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की ही आखणी अंतिम नाही, ग्रामसभांशी बोलून ती पक्की करावी, असं तो अहवाल स्वतःच म्हणतो. गोव्याच्या प्रादेशिक आराखडा २०२१ च्या वेळी गावागावांत नकाशे पाठवून सूचना मागवल्या गेल्या, त्या पद्धतीचा तो आदर्श म्हणून उल्लेख करतो. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या २५ गावांनी खाणी नकोत, आमचं क्षेत्र संवेदनशील जाहीर करा, असे ठराव केले होते. त्यांचीही दखल त्यात आहे. तेव्हा 'पर्यावरणवादी वरून लादतात' हा आक्षेप घेणाऱ्याने निदान ती पानं वाचावीत.

पण समीक्षा म्हटली की कौतुकावर थांबता येत नाही. या अहवालात एक अंतर्गत ताण आहे. तो बोलतो खालून वर जाण्याची भाषा आणि सुरुवात करतो वरून. प्रदेशावर चौकटी आखल्या, एकेक चौकट साधारण नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरची. म्हणजे एका चौकटीत सुमारे ८१ चौरस किलोमीटर आले. आपल्या कोकणात एवढ्यात काय काय मावतं बघा: सडा, जंगल, भातखाचरं, आंब्याच्या बागा, दहाबारा वाड्या, एखादी बाजारपेठ. त्या सगळ्याला मिळून एक गुणांक. त्यावरून मग तालुक्याला स्तर दिला. 'हे तात्पुरतं आहे' असं शंभर वेळा लिहिलं, तरी नकाशा एकदा छापला की तो तात्पुरता राहत नाही. लोक मजकूर नंतर वाचतात, नकाशात आपलं गाव आधी शोधतात.

दुसरी उणीव भाषेची. ज्या ग्रामसभांनी याचा निर्णय करायचा, त्यांच्या हातात काय होतं? दोन भागांचा, शेकडो पानांचा इंग्रजी दस्तऐवज. सहा राज्यांच्या सहा भाषा आणि तुळू वेगळीच. तज्ज्ञांनी आपलं काम इंग्रजीत केलं यात गैर काही नाही. पण जो अहवाल ग्रामसभेला निर्णायक मानतो, त्याचा ग्रामसभेला वाचता येईल असा पाठ हा अहवालाचाच भाग असायला हवा होता. त्याला परिशिष्ट समजून चालणार नाही.

आणि आता ते नऊ महिने. आप्ताची दुसरी अट आठवा, सांगण्याची इच्छा. समितीला ती होती, मंत्रालयाला नव्हती. ज्ञान झाकून ठेवलं की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे वावड्या येतात. घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, गावं उठवतील. पुढे केरळात इडुक्कीसारख्या भागात मोठी आंदोलनं झाली. त्यात खाणवाल्यांचे हितसंबंध होते, राजकीय पक्ष होते, हे खरंच. पण रस्त्यावर आलेल्या छोट्या शेतकऱ्याची भीती खोटी नव्हती. तो ज्या मजकुराला घाबरला तो बहुतेक वेळा अहवालात नव्हताच, एवढंच. या सगळ्या प्रकरणातली खरी हानी आम्हाला इथे दिसते. समाजाने अहवाल वाचून, तपासून नाकारला असता तर लोकशाहीत त्याला हरकत नव्हती. तो न वाचता नाकारला गेला. आणि ज्यांनी त्याचा पुरस्कार केला त्यांच्यातल्याही अनेकांनी तो न वाचताच स्वीकारला.

आता दुसरा अहवाल. ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन कार्यगट नेमला गेला, एप्रिल २०१३ मध्ये त्याने अहवाल दिला. कस्तुरीरंगन हे अंतराळशास्त्रज्ञ, इस्रोचे माजी अध्यक्ष. साहजिकच या अहवालाचा डोळा उपग्रहाचा आहे. प्रतिमेतला एक ठिपका सुमारे २४ मीटर बाय २४ मीटर, म्हणजे पावणेसहा गुंठे. गाडगीळांच्या चौकटीपेक्षा कितीतरी बारीक. त्याने अभ्यासक्षेत्रही मोठं घेतलं, सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर. त्याचे दोन भाग केले: 'नैसर्गिक भूदृश्य' ४० टक्के आणि 'सांस्कृतिक भूदृश्य' ६० टक्के. वस्ती, शेती, मळे हे सांस्कृतिक. नैसर्गिक भागापैकी बहुतेक, म्हणजे एकूण क्षेत्राच्या सुमारे ३७ टक्के, संवेदनशील ठरवलं. जवळजवळ ६०,००० चौरस किलोमीटर, ४,१५६ गावं. तिथे खाणी, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग, मोठे गृहप्रकल्प बंद.

शासनाच्या दृष्टीने हा अहवाल सोयीचा होता, आणि ते काही दूषण नव्हे. गावांची यादी आहे, बंदीची यादी आहे, अंमलबजावणी करता येते. पण एक तात्त्विक प्रश्न विचारायला हवा: निसर्ग आणि संस्कृती यांच्यामध्ये ही रेघ कोणी ओढली?

देवराईचं उदाहरण घ्या. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. इथली झाडं शेकडो वर्षं उभी राहिली ती देवाच्या धाकाने, गावाच्या नियमाने, म्हणजे संस्कृतीमुळे. मग देवराई नैसर्गिक की सांस्कृतिक? हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि ज्या वर्गीकरणात तो विचारावा लागतो त्या वर्गीकरणात खोट आहे. पुष्कळ देवराया एकर-दोन एकरांच्या. उपग्रहाला त्या फार तर दहा-पंधरा हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसतील. त्यांच्यामागचा गावाचा नियम कितीही बारीक ठिपका घेतला तरी दिसणार नाही. तीच गोष्ट वरकस जमिनीची, राबासाठी तोडलेल्या फांद्यांची, घाटावरच्या नाचणीच्या शेताची.

शिवाय गावाच्या २० टक्के किंवा जास्त क्षेत्र नैसर्गिक ठरलं की सगळं गाव संवेदनशील. म्हणजे ज्या गावाने आपलं रान राखलं ते यादीत आलं आणि ज्याने साफ केलं ते सुटलं. राखणाऱ्याला बक्षीस मिळालं की शिक्षा, हे त्या गावातल्या माणसाला विचारून बघा.

म्हणून आम्ही म्हणतो, की संशोधनाची पद्धत हीच एक धोरण असते. तुम्ही काय मोजायचं ठरवता, तिथेच अर्धा निर्णय झालेला असतो. पहिल्या अहवालाची चौकट भरड होती पण त्याला माणूस दिसत होता. दुसऱ्याची नजर बारीक होती पण तिच्यात माणूस 'सांस्कृतिक भूदृश्य' नावाच्या रंगात मिसळून गेला. गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना जाहीर पत्र लिहून घेतलेला मुख्य आक्षेपही असाच होता, की निर्णयात स्थानिक लोकांना जागा उरत नाही.

आणि एवढं करून काय झालं? मार्च २०१४ मध्ये अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला. मुदत संपली, पुन्हा मसुदा. जुलै २०२४ पर्यंत सहा मसुदे झाले. त्याच दहा वर्षांत ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी, आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाड. सहाव्या मसुद्यावरची तारीख ३१ जुलै २०२४ आहे. कोणती दरड कशामुळे कोसळली याचं उत्तर एका अहवालातून काढू नये. पाऊस, उतार, माती, वापर सगळं पाहावं लागतं. आम्ही एवढंच म्हणतो, की ज्या उतारांवर माणसं राहतात त्यांच्याबद्दलचं ज्ञान त्या माणसांपर्यंत पोचवायला दहा वर्षं थोडी नव्हती.

इथे शिक्षण येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात सांगितलं, की पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवा. २००३ मध्ये पुन्हा बजावलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. ५० तासिका, त्यातल्या ५ क्षेत्रकार्याला. परीक्षेत ७५ गुण लेखी. तुमच्यापैकी किती जणांनी तो 'पर्यावरणाचा पेपर' दिलाय? हात वर करू नका, चेहऱ्यांवरून कळतंय. ओझोनचा थर, जागतिक तापमानवाढ, पाच ओळींची टीप. आपल्या कॉलेजमागच्या ओढ्याचं पाणी कुठून येतं आणि त्यात काय मिसळतं, हा प्रश्न त्या पेपरात येत नाही.

गाडगीळ अहवालातला सर्वांत कमी वाचला गेलेला भाग नेमका हा आहे. पर्यावरणशिक्षणाचे विद्यार्थी-प्रकल्प स्थानिक नद्या, जैवविविधता, प्रदूषण यांच्या नोंदींना जोडावेत आणि ती माहिती सर्वांना खुली असावी, असं तो सुचवतो. म्हणजे विद्यार्थी फक्त माहिती घेणार नाही, तो ती तयारही करेल. ही कल्पना हवेतली नव्हती. १९९०च्या दशकात अशाच रीतीने महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी गावकऱ्यांबरोबर बसून लोकजैवविविधता नोंदवह्या करत होते. पुढे २००२ च्या जैविक विविधता कायद्याने अशा नोंदवह्यांना शासकीय स्थान दिलं.

मग काय झालं ते ऐका. वर्षानुवर्षं काम रखडलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. नाहीतर त्यानंतर राज्याला दरमहा १० लाख रुपये. बघता बघता देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या. न्यायाधिकरणाचा हेतू चांगलाच होता. पण गावाने आपल्या रानाबद्दल एकत्र बसून विचार करणं, ही क्रिया मुदतीत उरकता येते का? नोंदवही हा त्या बसण्याचा पुरावा होता. बसणंच वगळलं की हातात राहतो तो नमुना फॉर्म.

योगायोग असा, की राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा २०१९ चा मसुदा ज्या समितीने केला तिचेही अध्यक्ष कस्तुरीरंगनच होते. २०२० च्या धोरणात पर्यावरणशिक्षण आणि समाजाशी जोडलेले श्रेयांकाचे प्रकल्प आहेत. म्हणजे दार उघडं आहे. महाविद्यालयांनी ठरवलं तर गाडगीळ अहवालातली सूचना कस्तुरीरंगन समितीच्या धोरणातून अमलात येऊ शकते. दोन अहवालांचं भांडण मिटवायची याहून चांगली जागा आम्हाला दिसत नाही.

शेवटी दोन अभ्यासगट सांगतो. दोघांचंही नाव 'अभ्यासगट', पण जात वेगळी. पहिला रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम रासायनिक वसाहतीचा. प्रदूषणावर लक्ष ठेवायला स्थानिकांचा सहभाग असलेला गट शासकीय यंत्रणेने नेमला. त्याच्या बैठकाच दीर्घकाळ झाल्या नाहीत, असं गाडगीळ समितीने नोंदवलं. दुसरा सह्याद्रीपासून खूप दूरचा, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा. तो कोणी नेमला नाही. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा विषय समजून घेतात. तिथे निर्णय होत नाही, फक्त समजून घेणं. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. संशोधन, शिक्षण, धोरण आणि समाज हे चार शब्द आपण सकाळपासून वेगवेगळे उच्चारतोय. मेंढ्यात ते एका सतरंजीवर बसलेले असतात.

सभागृहातून एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देऊन थांबतो. प्रश्न असा: 'लोकांना विचारत बसलं तर तोवर डोंगर शिल्लक राहतील का? आणि लोकांनाच खाण हवी असली तर?'

प्रश्न रास्त आहे. पहिल्या भागाचं उत्तर वर आलंच. लोकांना न विचारताही दहा वर्षं गेली आणि सहा मसुदे झाले, तेव्हा न विचारण्याने वेळ वाचतो हा समज सोडून द्या. दुसरा भाग अवघड आहे. हो, एखादं गाव खाण मागेल. ग्रामसभा सर्वज्ञ नसते. तिच्यात जात असते, पैसा असतो, बायकांना बोलू न देणारे असतात. म्हणून खालच्या अंगाचं नुकसान वरच्या गावाने एकट्याने ठरवू नये, त्यासाठी कायद्याच्या मर्यादा लागतातच. पण आमची अट दोघांनाही सारखीच आहे. खाण मागणाऱ्या गावानेही विहिरींची पातळी, खाली वाहणारी माती, किती वर्षांचा रोजगार, हे समोर ठेवून मागावी. आणि बंदी घालणाऱ्या तज्ज्ञानेही ते त्याच लोकांसमोर, त्यांच्या भाषेत, प्रश्न झेलत मांडावं. इतकं झाल्यावर जो निर्णय होईल तो कदाचित आपल्याला आवडणार नाही, पण त्याच्याशी वाद तरी घालता येईल. वावडीशी वाद घालता येत नाही.

दोन्ही अहवाल उपलब्ध आहेत. निदान आपल्या तालुक्यापुरती पानं वाचा, शक्य असेल त्यांनी ती मराठीत करून ग्रामपंचायतीत नेऊन द्या. आणि वाचून ते नाकारावेसे वाटले, तर खुशाल नाकारा.